रुमालातील चकत्या

दप्तरखान्यात रुमाल सोडून बसलेला मुरब्बी मोडीवाचक कागद हाती येताच वाचू लागत नाही. तो प्रथम कागदाची जात पाहतो, शाईचा रंग न्याहाळतो, वळण कोणत्या कारकुनाचे असावे याचा अदमास घेतो, आणि मग कोठे त्याची दृष्टी पहिल्या ओळीवर उतरते. मामांच्या पश्चात त्यांच्या टेबलाच्या खणातून चाळीस-पंचेचाळीस फ्लॉप्या निघाल्या, तेव्हा हाच रिवाज मला पाळावा लागला. मामांनी उभी हयात एका छापखान्यात खिळे जुळविण्यात घालविली, आणि उतारवयात तेच काम ते संगणकावर करू लागले.

या घराण्याचा मूळपुरुष आठ इंची. तो १९७१ साली आयबीएमच्या यंत्रांबरोबर अवतरला. १९७६ साली शुगार्टने सव्वापाच इंची काढली, आणि पुढे सोनीची साडेतीन इंची, कठीण कवचाची, खिशात मावणारी. मामांच्या खणात धाकट्या दोन पिढ्या होत्या. सव्वापाच इंचीच्या मध्यछिद्राभोवती जाड कडे दिसले, तर ती बहुधा ३६० किलोबाइटची. कडे नसेल, तर १.२ मेगाबाइटची असण्याचा संभव अधिक. साडेतीन इंचीला एका कोपऱ्यात झडपेचे छिद्र असते, आणि समोरच्या कोपऱ्यातही दुसरे असेल तर तिची धारणा १.४४ मेगाबाइट. गंमत अशी की थोरल्या बहिणीच्या कडेची खाच कागदाने झाकली म्हणजे तिच्यावर लिहिण्यास मनाई होते, आणि धाकटीचे छिद्र उघडे ठेवले म्हणजे; एकाच कुळात असे उलटे स्वभाव आपण माणसांत पाहतो, ते यंत्रांतही असावेत याचे मला नवल वाटले नाही.

पाकिटाच्या खिडकीतून डोकावणारा तपकिरी थर हा लोखंडाचाच एक प्रकारचा गंज. वैद्यांच्या लोहभस्माशी त्याचे नाते निकटचे. त्या थरावर लेखन असते ते अक्षरांचे नव्हे, तर चुंबकाची दिशा कोठे पालटली, एवढ्याचेच. प्रारंभीच्या पद्धतीत प्रत्येक अंकासोबत कालदर्शक खूणही लिहीत. पुढे जागा वाचविण्यासाठी त्यांतील बहुतेक खुणा गाळल्या गेल्या, आणि कोणता अंक कोठे संपला हे वाचणाऱ्याने अंतरांवरून ताडावे असे ठरले. मोडीतही शब्द सुटे लिहिण्याची चाल नव्हती. वाचक तयारीचा असेल हे दोन्हीकडे गृहीत धरलेले. ग्रीझविझल नावाची एक चिमुकली पाटी हल्ली मिळते, ती फ्लॉपीच्या वाचनयंत्राला जोडली की अर्थ लावण्याच्या भरीस न पडता केवळ या पालटांमधील काळ मोजून टिपून ठेवते. अर्थ मागाहून सावकाश लावावा. नक्कल आधी उतरवून घ्यावी.

एका चकतीने मला दोन दिवस झुलविले. ती ३६० किलोबाइटच्या यंत्रात प्रथम लिहिली गेली होती, जेथे वर्तुळाकार मार्ग चाळीस आणि रुंद. नंतर छापखान्यात नवे यंत्र आले, ज्याचे मार्ग ऐंशी आणि निम्म्या रुंदीचे, आणि मामांनी त्यातूनच तिच्यावर पुन्हा लिहिले. नव्या अरुंद लेखनाच्या दोन्ही बाजूंना जुन्याच्या कडा शिल्लक राहिल्या, आणि जुने यंत्र आपल्या रुंद नजरेने दोन्ही एकदम वाचून गोंधळू लागले. अरुंद नजरेच्या यंत्रात ती घातली, तेव्हा मजकूर आला.

आला खरा, परंतु रोमन अक्षरे, टिंबे आणि कंस यांचा भाताचा चिखल व्हावा तसा. त्या काळी मराठी टंकांचे प्रत्येक घर आपापला कोठा राखून असे. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या कोठ्यात भलताच. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’चे प्रमाण ठरले, तरी छापखान्यांत टंकवाल्यांचीच मुखत्यारी चालू राहिली. अँडी वॉरहॉलने १९८५ साली अमिगा संगणकावर काढलेली चित्रे २०१४ साली पिट्सबर्गच्या विद्यार्थ्यांनी फ्लॉप्यांतून सोडविली, तेव्हा त्यांनाही अखेरची अडचण हीच आली होती: चकती वाचली गेली, पण चित्रे ज्या रीतीने साठविली ती रीत कोणत्याच साधनाला ओळखू येईना. मला माझा टंक तिसऱ्या प्रयत्नात सापडला, आणि पडद्यावर एक लग्नपत्रिका उमटली. ‘आप्तेष्टांसह’मधील जोडाक्षर मामांनी हाताने जुळवून घेतलेले दिसत होते.

एक चकती मात्र राहिली. तिच्या पृष्ठावर बुरशीची पांढरी नक्षी आहे. यंत्रात घातली असता खरखर झाली, आणि अशी खरखर म्हणजे वाचणाऱ्या टोकाने थर खरवडून काढणे, हे ठाऊक असल्याने मी ती तत्क्षणी बाहेर ओढली. लेबल मामांच्या रिवाजाप्रमाणे आधी लिहून मगच चिकटविलेले आहे, अक्षर टपोरे: ‘पान १७, शुद्धिपत्र.’