टाळी आणि तालीम

भोपाळला गेलात तर भारत भवन पाहिल्याशिवाय परतू नका. बड्या तलावाच्या काठी, उतारावर, अर्धेअधिक जमिनीत दडलेले हे कलाकेंद्र १९८२ साली सुरू झाले. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया, म्हणजे आपली पणजीची कला अकादमी ज्यांनी घडवली तेच. त्यामुळे तिथल्या पायऱ्या उतरताना गोव्याच्या माणसाला उगाचच ओळखीचे वाटते. मी त्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा मात्र मनात कोरिया नव्हते, हबीब तन्वीर होते. रायपूरला १९२३ साली जन्मलेल्या या दिग्दर्शकाने आयुष्याची अखेरची वर्षे भोपाळात काढली, आणि ८ जून २००९ रोजी तिथेच डोळे मिटले. त्यांची एक हकीकत मला नाटकापेक्षाही माणसाच्या स्वभावाविषयी जास्त सांगून जाते.

१९५८ साली 'मिट्टी की गाडी' (म्हणजे आपले 'मृच्छकटिक') बसवताना तन्वीर छत्तीसगडमधून सहा नाचा कलावंत दिल्लीला घेऊन आले. नाचा म्हणजे तिथले रात्र रात्र चालणारे लोकनाट्य. गावात हजारोंना हसवणारे हे नट शहरातल्या रंगमंचावर येताच लाकडासारखे ताठ झाले. ठाकूरराम तर अव्वल दर्जाचा नट, पण तोही मोकळा होईना. लंडनच्या नाट्यशाळेत शिकून आलेले तन्वीर तालमीत ओरडत, अरे, डावा-उजवा हात कळत नाही का तुला? जितके ओरडावे तितका नट अधिक गोंधळे. आणि हे एकदोन महिने नव्हे, पुढे कित्येक वर्षे चालले!

कारण काय, ते पुढे तन्वीरांनीच सांगून ठेवले आहे. नाचाचा नट वर्षानुवर्षे प्रेक्षकांच्या दादेवर वाढलेला. जिकडून हशा येईल तिकडे वळायचे, जिकडून हाक येईल तिकडे सरकायचे. त्याच्या पायांना ही सवय कुणी शिकवली नव्हती, ती दादेने लावली होती. त्यात भर म्हणजे त्याच्या तोंडी छत्तीसगडीऐवजी हिंदी आलेली.

मानसशास्त्राने हीच गोष्ट प्रयोगशाळेत मांडली. ज्या कृतीनंतर सुखद फळ मिळते ती कृती पुन्हा पुन्हा होते, असे थॉर्नडाइकने मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. पुढे स्किनरने त्यात भर घातली : फळ दर वेळी न मिळता अधूनमधून, नेम नसताना मिळाले तर लागलेली सवय सर्वांत चिवट ठरते. आता विचार करा, प्रेक्षकांचा हशा दुसरे काय असतो? कधी येतो, कधी नाही. मग वीस वर्षांची ती सवय दिग्दर्शकाच्या चार शिव्यांनी कशी सुटणार?

शिव्यांविषयीही संशोधन आहे. क्लुगर आणि डेनिसी या अभ्यासकांनी १९९६ साली या विषयावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. कामाविषयी अभिप्राय दिल्याने सरासरीने काम सुधारते हे खरे, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते चक्क बिघडले होते! त्यांचे स्पष्टीकरण असे, की अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेले की घात होतो. ठाकूररामचे नेमके तेच झाले असणार. लक्ष भूमिकेत असायचे ते स्वतःच्या हातापायांत अडकले.

१९७० नंतर तन्वीरांनी वाट बदलली. नटांना त्यांची बोली परत दिली, हालचाली लादणे सोडले. १९७३ साली रायपूरच्या शिबिरातून 'गाव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभे राहिले आणि १९७५ साली 'चरणदास चोर'. त्या 'चोरा'ने १९८२ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला. नट तेच होते, बदलला होता शिकवणारा. ठाकूररामच्या ताठरपणालाच त्यांनी शेवटी स्वतःच्या कामावरचा अभिप्राय मानले, म्हणून हे घडले.

पण म्हणून सगळे प्रेक्षकांवर सोडावे काय? आपल्या उत्सवी नाटकांचा अनुभव काय सांगतो? देवळासमोर नाटक रंगात येते, एखाद्या विनोदी पात्राला बक्षीस जाहीर होते, आणि मग तो गडी संहिता सोडून बक्षिसाच्या दिशेने धावू लागतो. दहा मिनिटांचा प्रवेश अर्ध्या तासाचा होतो आणि बिचारी नायिका विंगेत ताटकळते. दाद घडवते तशी बिघडवतेही. तन्वीरांनी दादेचा तो झरा अडवला नाही, पण त्याला नाटकाचे पाट काढून दिले. गोष्ट कुठे जायची ते त्यांच्या हाती, आणि त्या वाटेवर चालायचे कसे ते नटाच्या हाती.

आपल्या गावच्या तालमींत आजही पोरे उभी राहतात, नोकरी-शाळा आटोपून, रात्री दहानंतर. त्यांतला एखादा पहिल्याच आठवड्यात 'तुला जमायचे नाही' हे ऐकून जातो तो पुन्हा मांडावर येत नाही. त्याला जमले नाही म्हणजे काय जमले नाही? वाक्य लवकर तोडले, की तोंड प्रेक्षकांकडे नव्हते? एवढे त्याच्या भाषेत, तिथल्या तिथे सांगितले तर तो उद्या येईल. नाट्यवेड्या गोव्याला नटांची वाण कधी पडली नाही. ती पडू नये असे वाटत असेल तर तालमीतला आपला आवाज एकदा आपणच ऐकून पाहावा.