दुमडलेला कारकून

बी.कॉम. झालेल्या माणसाची यीस्टशी ओळख पावापुरती. पाव फुगला तर उत्तम, नाही तर बेकरी बदलायची. पण आमची पुतणी एम.एस्सी. होऊन यीस्टवरच पीएच.डी. करायला निघाली, आणि दादाचं फर्मान आलं, "तू तिला समजाव. तुझं ऐकते ती."

समजवायला बसलो मी आणि समजावलं तिने.

"काका, अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रीड विकनर नावाच्या शास्त्रज्ञाने यीस्टमधल्या व्हायरसवर वर्षानुवर्षं काम केलं."

"म्हणजे यीस्टलाही सर्दी होते?"

सर्दी होत नाही म्हणे, उलट दादागिरी येते. काही यीस्ट विष सोडून शेजारच्या यीस्टला मारतात, हे १९६३ सालीच कळलं होतं. ही विद्या त्यांच्या पोटातल्या व्हायरसची. हा व्हायरस उभ्या जन्मात पेशीबाहेर पडत नाही. आईकडून लेकीकडे जातो, नाही तर सोयरिकीतून. विकनरांनी या घरकोंबड्याला पोसायला यीस्टची कोणकोणती जनुकं लागतात, ती शोधून काढली.

मग त्यांनी एक जुनी भानगड हाती घेतली. समोर उत्तम अन्न असताना यीस्ट हलक्या अन्नाला तोंड लावत नाही. पण १९७१ साली फ्रान्सच्या लाक्रूट यांना असं यीस्ट सापडलं होतं, की जे पंगतीतून उठून गाडीवरचा वडा खावा तसं तेही उचलायचं. गुण पुढच्या पिढीत उतरायचा, पण गुणसूत्रांच्या हिशेबात बसायचा नाही. नाव ठेवलं यूआरई-३.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. न जुळणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि बदलीची वाट बघतो. ही नोंद तेवीस वर्षं तशीच होती! विकनरांनी ती १९९४ साली जुळवली.

"कशी?"

"व्हायरसला पोसणारं जनुक मोडलं, की व्हायरस जातो आणि गुणही जातो. इथे उलटं. यूआरई-२ या जनुकावाचून यूआरई-३ टिकत नाही. पण ते जनुक मोडलेलं यीस्ट तो गुण असलेल्या यीस्टसारखंच वागतं. म्हणजे हा व्हायरस नव्हे. यूआरई-२ चं प्रथिन खा-खा आवरण्याचं काम करतं. तेच वाकडं दुमडतं, काम सोडतं आणि शेजारच्या सरळ प्रथिनालाही दुमडतं. याला प्रायॉन म्हणतात. गाईंना वेड लावणारा रोगही असल्याच प्रकारातला."

मी गप्प झालो. हे प्रथिन मी ओळखत होतो. कारकून रजेवर असो, की खुर्चीत बसून शेजाऱ्याशी क्रिकेट बोलत असो, काउंटरबाहेरच्या माणसाला फरक काय? उलट दुसरा जास्त वाईट. रजेवरचा कारकून दुसऱ्याला बिघडवत नाही.

"औषधाने घालवता येतो," पुतणी म्हणाली, "पण बाहेरून काही न येताही पुन्हा आपोआप उपजतो. आणि ते प्रथिन जास्त बनवलं, तर उपजण्याचा संभव वाढतो."

जादा स्टाफ मागणाऱ्या अर्जावर सही केल्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला.

त्या रात्री एक आजी आठवल्या. यजमान गेल्यावर फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन आमच्या शाखेत त्या तीनदा आल्या होत्या. तिन्ही वेळा मी, "लंच आहे, नंतर या," म्हणालो. त्यातला एकदाच खरोखर लंच होता. मला पहिल्यांदा कोणी दुमडलं ते काही आठवेना. माझ्या शेजारी बसून कोण कोण दुमडले, त्यांची नावं मात्र भराभर आठवली.

सोमवारी आजींना फोन करून बोलावलं. पावणेअकराला कागद पुरे झाले. त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "साहेब बदलले वाटतं?"

मी म्हणालो, "नाही हो आजी, तेच आहेत."

शेजारच्याने हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळी दादाचा फोन आला, "काय, समजावलंस का?"

"समजावलं. जाऊ दे तिला."

"अरे, पण यीस्टवर पाच वर्षं घालवायची?"

"पाच कसली, दादा? हिशेब जुळेपर्यंत तेवीससुद्धा लागतात. आमच्याकडे तेवढ्यात माणूस रिटायर होतो, आणि नोंद तशीच राहते."