बॅगेची रंगीत तालीम

बोईसरच्या माझ्या दवाखान्यात दिवाळीनंतर आणि पुन्हा मार्च-एप्रिलच्या सुमारास एक ठरावीक वाक्य कानांवर येते : "डॉक्टर, सहा महिन्यांसाठी मुलीकडे चाललो आहोत, तेवढ्या गोळ्या लिहून द्या." तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९ साली सुरू झाला, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. नोकरीसाठी दूरदूरच्या प्रांतांतून येथे आलेली माणसे आता निवृत्त झाली आहेत आणि त्यांतील अनेकांची मुले अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखाती देश अशी पांगली आहेत. चिंचणी, केळवे, पालघर येथील जुन्या घरांतूनही आता हेच ऐकू येते. मी रक्तदाब तपासते, साखरेचा अहवाल पाहते, औषधांची चिठ्ठी लिहिते आणि शेवटी विचारते, "बॅगेचे वजन किती?"

हा प्रश्न डॉक्टरने का विचारावा, असे अनेकांच्या चेहऱ्यावर उमटते. तो विचारायला मी माझ्या आईच्या दुखण्यातून शिकले.

काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई-बाबा टोरांटोला निघाले, तेव्हा दोन बॅगा मीच कौतुकाने घेऊन दिल्या. कठीण कवचाच्या, चकचकीत, सर्वांत मोठ्या आकाराच्या. रिकामी बॅगच पाच किलोंच्या वर होती, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. प्रत्येक बॅगेत २३ किलो नेता येतात म्हणून आम्ही २३ किलो भरले. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, मेतकूट, पापड, घोलवडच्या चिकूच्या सुकवलेल्या चकत्या आणि चार माणसांना पुरतील इतके लोकरी कपडे. भाड्याच्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी होती. एक बॅग टपावर बांधावी लागली, दुसरी आईच्या पायांशी आली. चिल्हार फाट्यापासून घोडबंदरपर्यंत ती पाय आखडूनच बसली होती.

खरे संकट पुढे होते. टोरांटोच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरत होता. बाबांची बायपास झालेली, म्हणून त्यांना हात लावू न देता आईने स्वतःच बॅग ओढली. कंबरेत वाकून, हात लांब करून आणि वळून. पाठीत कळ आली. चार दिवसांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये कंबरेचा एक मणका दबलेला दिसला. ज्या नातीला न्हाऊ-माखू घालायला ती गेली होती, तिला सहा आठवडे उचलूनही घेता आले नाही. फोनवर मात्र ती म्हणाली, "पाठ मोडली, पण पापड एकही मोडला नाही हो!" मी हसले खरी, पण त्या रात्री झोप लागली नाही. रोज दहा जणांच्या कंबरेला पट्टा बांधणाऱ्या डॉक्टरला आपल्या आईची बॅग एकदा उचलून पाहण्याची बुद्धी झाली नव्हती.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होतात आणि पुष्कळदा ते कळतही नाही. वजन शरीरापासून जितके दूर, तितका तरफेच्या नियमाने मणक्यांवरचा भार अधिक. त्यातच वाकणे आणि वळणे एकाच वेळी घडले, की ठिसूळ मणका दबण्यास तेवढेच निमित्त पुरते. म्हणून पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांनी, तसेच ज्यांची उंची घटली आहे किंवा ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधे घ्यावी लागली आहेत त्यांनी, लांबच्या प्रवासाआधी हाडांच्या घनतेची तपासणी करावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दोन वर्षांनी आईने पुन्हा जायचे ठरवले. या वेळी आम्ही बॅग आधी निवडली आणि सामान मागाहून. दुकानात मी वजनकाटा घेऊनच गेले. हातात धरून बॅग लटकवायचा छोटा काटा मिळतो. तो नसेल तर घरातल्या काट्यावर आधी एकटे आणि मग बॅग घेऊन उभे राहावे व वजाबाकी करावी. मध्यम आकाराची, सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीची, रिकामी असता तीन किलोंच्या आसपास भरणारी बॅग आम्ही घेतली. मोठी बॅग घेतली की ती भरण्याचा मोह होतोच. बॅगेला वरच्या बाजूस आणि कडेला, अशा दोन्ही ठिकाणी मूठ हवी. म्हणजे दोन माणसांना मिळून ती उचलता येते. ओढायचा दांडा इतका लांब असावा, की पाठ न वाकवता चालता येईल.

मग एका रविवारी दुपारी आम्ही रंगीत तालीम केली. भरलेली बॅग घेऊन मी आणि आई बोईसर स्थानकावर गेलो आणि लोकलने पालघरला निघालो. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून आमचा मुंबईचा प्रवास सोपा झाला. पण फलाट आणि डबा यांमधली फट अजूनही गुडघ्यांची परीक्षा पाहते. चढताना बॅग मी आत घेतली. आई खिडकीशी बसली. बाहेर कापणी झालेली भाताची खाचरे, ताडाची झाडे, मध्येच उमरोळीचे छोटे स्थानक. गाडीने वेग घेताच चार चाकांवर उभी असलेली आमची बॅग एकटीच दाराकडे निघाली! आईने पाय आडवा घातला आणि आजूबाजूच्या बायका हसल्या.

पालघरला उतरून पुलाच्या पायऱ्या आम्ही मुद्दाम चढलो. सातव्या पायरीवर आई थांबली. "हे एवढे नाही जमायचे," ती म्हणाली. स्थानकाबाहेरच्या ओबडधोबड रस्त्यावर बॅगेची बारीक चाके अडू लागली. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकांची बॅग उत्तम. ती शेजारी ठेवून ढकलता येते, खांदा पिळवटत नाही. खडबडीत रस्त्यावर आणि उतारावर मात्र दोन मोठ्या चाकांची बॅग अधिक विश्वासू. आपला रस्ता कोणता, हे पाहून निवड करावी. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचे अमेरिकी पेटंट मिळाले १९७२ साली. उभी ओढायची, लांब दांड्याची बॅग १९८७च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने तयार केली. त्याआधीच्या पिढ्यांनी पत्र्याची ट्रंक आणि होल्डॉल हमालाच्या डोक्यावर दिले. चाके आली आणि आपण हमाल करणे सोडले. पण पायरी आली की चाकांचा उपयोग संपतो आणि सगळे वजन पुन्हा हातात येते.

घरी परतल्यावर आम्ही बॅग पलंगावर उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. अळीव, मेतकूट, पापड आता टोरांटोच्या भारतीय दुकानांत मिळतात. जाड कोट बहिणीचा वापरता येईल. तेलकट असल्याने सुके खोबरे सहज पेट घेते, म्हणून अनेक विमान कंपन्या ते नेऊ देत नाहीत, तेही राहिले. पाच साड्यांच्या तीन झाल्या. बॅग १४ किलोंवर आली. परवानगी २३ किलोंची असली, तरी आपल्या पाठीची परवानगी वेगळी असते.

औषधे मात्र कमी केली नाहीत. ती सगळी हातातल्या छोट्या पिशवीत, मूळ वेष्टणात आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवली. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत देऊ नये. विमानाच्या पोटातील थंडीत ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पॉवर बँकही हातातल्या पिशवीतच हवी. ही पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात स्वतः चढवू नये. खांद्याच्या वर हात नेऊन उचललेले ओझे खांद्याला आणि पाठीला दोन्हीकडे लागते. हर्नियाची, डोळ्यांची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी तर कोणतेही ओझे उचलण्याआधी आपल्या शल्यचिकित्सकांना विचारावे.

ज्येष्ठांना निरोप देणाऱ्या मुलांना आणि सुनांना माझे सांगणे असे, की त्यांच्यासाठी बॅग भरताना त्यांनाच ती उचलून पाहू द्या. जमिनीवरून पलंगावर ठेवणे, दहा पायऱ्या चढणे, गल्लीच्या टोकापर्यंत ओढत नेणे. तिन्ही गोष्टी त्यांनी दम न लागता आणि पाठ न दुखता केल्या, तर बॅग योग्य. उचलताना कुणी तरी शेजारी उभे राहावे आणि दुखू लागताच थांबावे. ज्यांचा मणका आधी दबलेला आहे, त्यांनी ही परीक्षा देऊच नये. त्यांच्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी. त्यात कमीपणा मुळीच नाही. पट्ट्यावरून बॅग काढून देणारे माणूसही त्यामुळे सहसा सोबत मिळते.

आई या खेपेला सुखरूप पोहोचली. पट्ट्यावरची बॅग एका मदतनिसाने काढून दिली, तिने हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीने व्हिडिओ कॉल केला. दोन वर्षांची नात रिकामी बॅग घरभर ढकलत होती आणि आई तिच्यामागून चालत होती. थोड्या वेळाने नात दमली आणि तिने हात वर केले. आई आधी खुर्चीत बसली, मग तिने तिला मांडीवर घेतले. या वेळी काय नेले आणि काय राहिले, याची विचारपूस मग कुणीच केली नाही.