ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी

लोकांशी नीट बोलायचं म्हणजे गोड बोलायचं, अशी बहुतेक नवप्रविष्ट पोलीस शिपायांची समजूत असते. ‘या काका, बसा, पाणी घ्या.’ एवढं सगळं करूनही माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवता येतं. ‘काका, ही हद्द आमची नाही हो’ हे किती मऊ आवाजात म्हणता येतं! म्हणून पोलीस प्रशिक्षणात आंतरवर्गाच्या, म्हणजे वर्गात शिकवायच्या विषयांच्या, तासाला मी सौजन्याची व्याख्या लिहून देत नाही. टेबल मांडतो, एकाला ठाणे अंमलदार करतो, दुसऱ्याला फिर्यादी.

फिर्याद साधीच असते. एसटी स्टँडवर मोबाइल चोरीला गेला. अंमलदार झालेला मुलगा अदबीनं विचारपूस करतो आणि कागदावर लिहितो, ‘मोबाइल गहाळ झाला.’ चोरी लिहिली की गुन्हा दाखल करा, तपास करा, प्रलंबित गुन्ह्यांत एकाची भर घाला. गहाळ लिहिलं की दाखला दिला, मोकळे झालो. एक दिवसही नोकरी न केलेल्या पोराला ही वाट कुठून ठाऊक? बरेचसे प्रशिक्षणार्थी ज्या घरांतून येतात, तिथल्या कुणी ना कुणी असा दाखला खिशात घालून घर गाठलेलं असतं.

मग मी कायद्याकडे वळतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्या. तोंडी असेल तर लिहून घ्या, वाचून दाखवा, सही घ्या, प्रत मोफत द्या. यातलं ‘वाचून दाखवा’ मी वर्गात पुन्हा पुन्हा करून घेतो. मुलगा वाचतो, ‘सदर इसमाने फिर्यादीची नजर चुकवून…’ फिर्यादी झालेली मुलगी लगेच अडवते, ‘मी असं कुठं म्हणाले? तिकीट काढताना मागून धक्का बसला, असं सांगितलं होतं.’ धक्का देणारा एक आणि खिशात हात घालणारा दुसरा असू शकतो. तिकीट खिडकीपाशी कॅमेरा असू शकतो. तपासाचा धागा तिनं हातात दिला होता, तो पोलिसी मराठीत हरवला. माणसाचं ऐकून घेणं हे उपकार नव्हेत, तपासाचं पहिलं काम आहे, हे इथं मुलांना पटतं.

नाकाबंदीच्या सरावात मी फक्त क्रम पाहतो. आधी नाव सांगायचं, मग थांबवण्याचं कारण, मग समोरच्याचं ऐकायचं, त्यानंतर कागदपत्रं. एरवी कागद पहिले आणि कारण कधीच नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या लोकांचा अभ्यास करून 1990 मध्ये मांडलं, की लोक कायदा पाळतात ते केवळ शिक्षेच्या धाकानं नव्हे. आपल्याशी वागण्याची रीत न्याय्य होती का, याला ते फार वजन देतात. दंडाची पावती फाडतानाही हे खरं ठरतं. ‘का’ कळलं की माणूस कुरकुरतो, पण हुज्जत घालत नाही.

अडचण कवायतीच्या मैदानावर आहे. तिथं हुकुमाला ‘का’ विचारायचं नसतं. दंगलीच्या बंदोबस्तात ती शिस्त लागतेच. पण मैदानावर शिव्या खाल्लेला मुलगा त्याच शिव्या पुढे चौकात फेरीवाल्याला देतो. माझ्या तासानं ते पुसलं जात नाही, म्हणून कवायत निदेशकांशी माझा वाद चालू असतो. आवाज चढवा, मी म्हणतो, आई-बाप काढू नका.

गुण देताना मी आवाजाकडे पाहत नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकलं का, कारण सांगितलं का, हातात प्रत पडली का, एवढंच तपासतो. घोगऱ्या आवाजात ‘चोरी’ लिहिणारा माझ्याकडे हसतमुख ‘गहाळ’वाल्याच्या पुढे जातो. पहिल्याचा रांगडेपणा लोकांत वावरून कमी होईल. दुसऱ्याची सवय मात्र इथंच मोडावी लागते, कारण ठाण्यात ती शाबासकीवर वाढते.