सुईला विटाळ नव्हता

दादा गेला २०१६ साली, ऊसतोडीच्या हंगामात. कोपीवरून लातूरच्या दवाखान्यात आणला तवा डोळे हळदीवानी पिवळे, पोट पाण्यानं टम्म. मुकादम म्हणला, दारूनं गेला. वस्ती म्हणली, "त्या" रोगानं गेला. दादा पीत होता, न्हाई म्हणत न्हाई.

दादाला एचआयव्ही होता. दर महिन्याला नांदेडला जाऊन गोळ्या आणायचा. (ही फुकटची गोळीबी २००४ साली आली. तवर ती पैसेवाल्याचीच.) अंग चांगलं भरलं होतं. मग कारखान्याची उचल घेतली. डबी कोपीत लपवायची कुठं? जातीनं कोपी आधीच कडेला, त्यात हे कळलं तर टोळीतून बाहेर, आन उचल अंगावर. दादानं डबी घरीच ठेवली. चार महिन्यांत कावीळ. कुणीतरी चुन्याच्या पाण्यात हात धुवून दिले. पाणी पिवळं झालं, उतरली म्हणले. दादा खंगतच गेला.

वार्डात एका शिकाऊ डाक्टरणीनं मला कागदावर लिव्हर काढून दाखवलं. दादाच्या अंगात दुसराबी विषाणू होता, हिपॅटायटिस बीचा. गोळीतली टेनोफोविर आन लॅमिव्हुडीन ही दोन औषधं दोन्ही विषाणूंना दाबून धरत होती. गोळी एकाएकी बंद झाली आन लिव्हरमधला विषाणू उसळला. दोन्ही विषाणू असले की लिव्हर लवकर कडक होतं, दारूनं आणखी लवकर. मी इचारलं, हे दादाला कुणी कामून सांगितलं न्हाई? ती गप बसली.

माय सांगते, दादा तान्हा असताना गावात एक डाक्टर यायचा. आमच्या वाड्यात पाय ठेवायचा न्हाई. लेकरं चावडीमागं रांगेत. अंगाला हात लागू नये म्हणून मायलाच दंड धरायला लावायचा आन टोचायचा. सुई एकच, साऱ्यांना तीच. विटाळ आमचा होता, सुईचा नव्हता. तिथंच लागण झाली असं छातीठोक म्हणत न्हाई. पण जन्मतः किंवा तान्हेपणी शिरलेली ही कावीळ दहातल्या नऊ लेकरांत कायमची मुक्काम करते, आन वर्सानुवर्सं तोंड उघडत न्हाई.

वैनीलाबी एचआयव्ही. पुण्यानुमोदनाला आलेले निम्मे लोक तिच्या हातचं न जेवता उठले. २०१८ साली सरकारनं हिपॅटायटिसची तपासणी आन औषधं फुकट केली, तवा मी तिला नांदेडला घेऊन गेलो. "बी"बी बघा, "सी"बी बघा, म्हणून अडूनच बसलो. "सी"ला लस न्हाई, पण बहुतेकांची तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पार जाते. वैनीला दोन्ही न्हाईत. "बी"च्या लसीच्या सुया घेतल्या, दर वेळी नवी. सुईचं पाकीट फोडताना मी डोळे फाडून बघत होतो.

यंदा वैनी कारखान्यावर गेलीय. जाताना तिथल्या जवळच्या केंद्राची चिठ्ठी नांदेडहून घेतली. डबी कोपीच्या बांबूला टांगलीय, दिसंल अशी. मुकादमानं इचारलं, कशाची गोळी? तिनं सांगितलं. आजारावरून कामावरून काढायचं न्हाई असा कायदा २०१७ साली झालाय. मुकादमाला तो कुठून ठाऊक! अजून तरी काढलं न्हाई. मी दर रविवारी फोन करतो, पहिलं गोळीचंच इचारतो.