दोन उजाड जगं आणि एक ट्रेन

‘टेल ऑफ टू वेस्टलँड्स’ हा एक मॉड आहे. म्हणजे चाहत्यांनी मूळ गेमवर फुकट चढवलेला बदल. ‘फॉलआउट ३’ (२००८) आणि ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (२०१०) हे दोन वेगळे गेम तो एकाच गेममध्ये जोडतो. अणुयुद्धाने उजाड झालेल्या वॉशिंग्टनमध्ये ट्रेन पकडायची आणि नेवाडाच्या वाळवंटात उतरायचं. पात्र तेच, बंदूक तीच.

ट्रेनने दोन जगं जोडली जातात, हे ठाणेकराला वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याच गावात येऊन थांबली होती.

‘फॉलआउट ३’ची एक्सबॉक्स ३६० आवृत्ती मायक्रोसॉफ्टने भारतात आणलीच नाही. कारण दिलं, सांस्कृतिक संवेदनशीलता. गेममधल्या दोन तोंडांच्या गायींना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यामुळे असेल, असा अंदाज लोकांनी बांधला. आम्ही तो पुढे पीसीवर खेळलो.

मला इंजिनियर म्हणून खरी मजा आतल्या जोडकामाची वाटते. या गेममधल्या प्रत्येक माणसाला, दाराला, गोळीला आठ अंकी हेक्साडेसिमल आयडी असतो. पहिले दोन अंक सांगतात, ही वस्तू कोणत्या फाइलमधून आली. दोन्ही गेम गेमब्रायो इंजिनवरचे, म्हणून सोयरीक जुळली. पण दोघांच्याही मुख्य फाइलला शून्य नंबरच हवा. एकाला सरकावं लागतं, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक संदर्भ बदलावा लागतो. दोन डेटाबेस एकत्र करताना ऑफिसात आम्ही हेच करतो, फक्त पगार घेऊन. शिवाय मॉडवाले कंपनीचे गेम वाटत नाहीत. दोन्ही गेम तुमच्याकडे हवेत, इन्स्टॉलर तुमच्याच फाइल्सवर काम करतो.

मोठी नवी आवृत्ती आली, की जुना सेव्ह सहसा टाकून द्यावा लागतो. माझा सेव्ह एकट्याचा नाही. टेंभी नाक्यावरच्या मित्राच्या घरी, नवरात्रात खाली देवीची गर्दी आणि लाउडस्पीकर चालू असताना, आम्ही एकच पात्र आळीपाळीने खेळायचो. त्याला चोरपावलांनी जायला आवडायचं, मला सरळ भिडायला. म्हणून ते पात्र दोन्हीत अर्धवट आहे. मित्र आता कॅनडात असतो. त्याची सकाळ होते तेव्हा माझी संध्याकाळ सरत आलेली असते, आणि बोलायला विषय शोधावा लागतो.

परवा त्याला विचारलं, “नवीन टाकू का?”

तो म्हणाला, “टाक रे. जुनं किती दिवस सांभाळणार?”

त्याचं बरोबर आहे. नव्या आवृत्तीत जुने बग गेलेले असतात, आणि जे लोक रात्री जागून ते काढतात त्यांच्या कामाचा मान म्हणजे ते वापरणं. मी नवीन आवृत्ती टाकली. जुनं सगळं मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये, चालू अवस्थेत ठेवलं आहे. तो डिसेंबरात येणार आहे. शेवटची खेळी माझी होती, आता पाळी त्याची आहे.