अम्मींचं घड्याळ

निघण्याच्या आठवडाभर आधी अम्मींनी विचारलं, “कित्ता दूर है रे जेद्दा?” आम्ही शाळेचा पृथ्वीगोल घरी आणला. मुंबई ते जेद्दा सरळ हवाई अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. उमऱ्याच्या एजंटच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘फक्त पाच तास’. अम्मींच्या वालिदना मुंबईहून जहाजानं, अदनचा वळसा घेऊन जायला आठवड्याहून जास्त लागले होते. १९९५ नंतर हाजींची जहाजं बंद झाली. त्यामुळे पाच तासांवर अम्मींचा विश्वासच बसेना.

पाच तास खोटे नव्हते, पण ते मुंबईपासूनचे. लातूरला धावपट्टी आहे, तरी आपल्यासारख्यांना मुंबई नाही तर हैदराबाद गाठावंच लागतं. आम्ही रात्रीची लातूर एक्सप्रेस धरली. सकाळी मुंबई, मग विमानतळावरची लांबलचक बैठक. दुपारी साडेचारला विमान उडालं तोवर अम्मींचे गुडघे बोलू लागले होते.

असर आम्ही मुंबईतच अदा केली होती, मुसाफिरीची दोन रकात. डिसेंबरात मुंबईला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसहा वाजले आणि अम्मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून रडू लागल्या. “मगरिब गई मेरी, उमरे के रास्ते में!” लातूरला अजान होऊन बराच वेळ झाला होता.

आम्ही डावीकडच्या खिडकीची झडप वर केली. सूर्य ढगांवर टेकायला अजून अवकाश होता.

भूगोलाच्या तासाला आम्ही हे गणित दरवर्षी फळ्यावर मांडतो, पण ते असं कधी पाहिलं नव्हतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आमचं विमान पश्चिमेकडे तासाला साधारण सहा अंश सरकत होतं. म्हणजे सूर्य आमच्यापुढे नऊच अंशांनी निघत होता. दीड तासावरचा सूर्यास्त अडीच तासांवर गेला. आणि नमाजची वेळ आपण असू तिथल्या सूर्यावर, लातूरच्या घड्याळावर नाही. अम्मींनी डोळे पुसले, वुजू केलं आणि खिडकीला नाक लावून बसल्या. भारतीय सात वाजून गेल्यावर सूर्य बुडाला. मगरिबला कसर नाही. तीनही रकात त्यांनी सीटवर बसूनच अदा केल्या.

पुढे मीकातची घोषणा झाली. पुरुषांनी एहराम मुंबईतच बांधले होते. आता सगळ्यांनी नीयत केली आणि विमानभर लब्बैक घुमलं. जेद्दाला उतरलो तेव्हा तिथे सव्वासात झाले होते, अम्मींच्या घड्याळात पावणेदहा. इमिग्रेशनची रांग आणि बस धरून मक्केला पोहोचायला मध्यरात्र झाली. घरापासून मोजले तर अठ्ठावीस तास.

परतीला वारा पाठीशी असतो, म्हणून विमान लवकर पोहोचतं. अम्मींनी घड्याळाचे काटे शेवटपर्यंत फिरवू दिले नाहीत. हरमच्या अंगणात बसून त्या मधूनच मनगट बघत आणि म्हणत, “अब बच्चों का स्कूल छूटा होगा.”